वर्सोव्याची ‘फिशरीज युनिव्हर्सिटी’ : पीयूषिका ग्रंथीपासून जनुकसंचापर्यंत

अंधेरी स्टेशनवर रिक्षावाल्याला ‘केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था’ असे पूर्ण नाव सांगितले तर तो क्षणभर थांबेल. ‘फिशरीज’ म्हटले की मीटर पाडतो. सात बंगल्याजवळच्या रस्त्याला तर ‘फिशरीज युनिव्हर्सिटी रोड’ असे नावच पडून गेले आहे. जुन्या शोधनिबंधांवर संस्थेचा पत्ता ‘काकोरी कॅम्प, जयप्रकाश रोड, वर्सोवा’ असा छापलेला दिसतो. ६ जून १९६१ रोजी सुरू झालेल्या या संस्थेने साठ वर्षे पूर्ण केली. त्या निमित्ताने तिचा इतिहास लिहिण्याचे काम संपादकांनी माझ्याकडे सोपवले, तेव्हा मी एक सवलत मागून घेतली. संस्थेचे काम मासेमारीच्या जाळ्यांपासून मत्स्य-अर्थशास्त्रापर्यंत पसरलेले आहे. ते सगळे एका लेखात कोंबण्यापेक्षा माशांचे प्रजनन आणि आनुवंशिकी हा एकच धागा धरून साठ वर्षे पाहावीत, असे मी सुचवले. संपादकांनी मान्य केले. बाकीच्या विभागांनी राग मानू नये.

हा धागा निवडण्यामागे माझा स्वार्थही आहे. जीवशास्त्राचे शिक्षक म्हणून आमचे आयुष्य डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलांना शिकवण्यात गेले. प्राणिशास्त्राचे वर्ग भरायचे ते त्यांच्याच जिवावर. मात्र त्याच विभागांत मागच्या खोलीत कुणी तरी माशांवर काम करत असे. वैद्यकाचा फळा आणि माशांचे टेबल यांच्यामध्ये फक्त एक दार. वर्सोव्याच्या संस्थेचा इतिहास चाळताना हे दार जागोजागी उघडे दिसते. इथल्या मत्स्यशास्त्राने आपली बरीचशी हत्यारे डॉक्टरांच्या कपाटातून उचलली आणि आता ती व्याजासह परत करण्याची वेळ आली आहे.

पूर्वपीठिका : १९६१ पूर्वी

मुंबईत मत्स्यसंशोधनाची परंपरा संस्थेहून जुनी आहे. मुंबई प्रांताच्या मत्स्यव्यवसाय खात्याची धुरा डॉ. एस. बी. सेटना यांच्याकडे होती, त्या काळात सी. व्ही. कुलकर्णी या तरुण संशोधकाने खाडीच्या मचूळ पाण्यातला एक मासा टिपला. लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर, अंग इतके पारदर्शक की पाण्यात फक्त डोळे दिसावेत. नराच्या गुदपराचे रूपांतर एका गुंतागुंतीच्या अवयवात झालेले, आणि त्यातून तो शुक्राणूंची पुडी मादीच्या अंगाला चिकटवतो. १९४० मध्ये कुलकर्णींनी या माशाचे वर्णन ‘होराइक्थिस सेटनाय’ या नावाने प्रसिद्ध केले. जातीच्या नावात सेटना आणि वंशाच्या नावात ज्येष्ठ मत्स्यतज्ज्ञ सुंदरलाल होरा. पुढे अभ्यासकांनी हा मासा ‘ओरायझियास’ या वंशात घातला, म्हणजे जपानच्या प्रसिद्ध मेडाका माशाचा तो सख्खा नातेवाईक ठरला. मेडाका हा आनुवंशिकीच्या प्रयोगशाळांचा लाडका मासा. त्याचा जनुकसंच २००७ मध्ये वाचला गेला. आपल्या खाडीतला भाऊबंद मात्र अजून दुर्लक्षितच आहे. कुलकर्णी पुढे राज्याचे मत्स्यव्यवसाय संचालक झाले आणि १९७० च्या सुमारास लोणावळ्याच्या टाटांच्या तलावांवर त्यांनी दख्खनी महासीरच्या प्रजननाचे जे काम केले, त्याचे नाव आजही निघते.

१९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि मुंबईकराला मासा ताटाबाहेरही पाहता येऊ लागला. तो मुख्यतः खाऱ्या पाण्याचा पसारा. गोड्या पाण्यासाठी उपनगराकडे यावे लागे. मी पवईचा, म्हणून इथे दोन ओळी जास्त लिहितो. १८९१ मध्ये पुरा झालेला पवई तलाव बांधला होता पिण्याच्या पाण्यासाठी, पण त्याचे पाणी पिण्यालायक निघाले नाही. महापालिकेच्या हिशेबात तो तोटा; माशांच्या हिशेबात नफा. विहार आणि तुळशीवर पहारा बसला, पवईवर मात्र गळ टाकून बसणाऱ्यांची हौस फुलली. त्यांच्या संघटनेने पुढे कित्येक वर्षे तलाव सांभाळला, त्यात मत्स्यबीज सोडले. रोहू, कटला, मृगळ हे मुळात गंगेच्या खोऱ्यातले कार्प मासे. ते सह्याद्रीच्या या बाजूला माणसाने आणून सोडले म्हणूनच दिसतात.

आणि इथेच खरी अडचण होती. हे तिन्ही मासे वाहत्या नदीत, पावसाळ्यात, पुराच्या पाण्यात अंडी घालतात. तळ्यात ठेवले तर वाढतात, पोटात अंडी तयार होतात, पण घालत नाहीत. त्यामुळे मत्स्यबीज नदीतूनच गोळा करावे लागे. जून-जुलैत जाळी लावून मत्स्यजिरे (नुकतीच जन्मलेली पिल्ले) पकडायचे आणि रेल्वेने देशभर पाठवायचे. वाटेत किती मरायचे ते सोडा, पण जे जगले त्यांत रोहू किती, फुकटचे मासे किती आणि रोहूला खाणारे किती, हे कळायला दोन महिने थांबावे लागे.

या कोड्याची पहिली उकल एका वैद्यकाच्या प्राध्यापकाकडून आली. ब्यूनोस आयर्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवणारे बर्नार्दो उसाय यांनी १९३० मध्ये माशाच्या मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी काढून तिचा अर्क दुसऱ्या माशाला टोचला आणि पिल्ले जन्माला घालणाऱ्या त्या माशाची प्रसूती वेळेआधी झाली. उसाय यांना पुढे १९४७ चे नोबेल मिळाले, तेही याच ग्रंथीवरच्या कामाबद्दल. मात्र साखर आणि मधुमेहाच्या संदर्भात. माशाचा प्रयोग त्यांच्या चरित्रात तळटीप म्हणून येतो. ब्राझीलमध्ये १९३४ च्या सुमारास रोडोल्फो फॉन इहेरिंग यांनी ती तळटीप उचलून तळ्यातल्या माशांना अंडी घालायला लावले. पंजाबात हमीद खान यांनी १९३८ मध्ये मृगळवर असाच प्रयत्न केला. आणि १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी भारतीय कार्पचे प्रेरित प्रजनन यशस्वी करून दाखवले. त्यांच्या या कामाला के. एच. अलीकुन्ही यांची जोड होती. आज तो दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

म्हणजे तंत्र हाताशी आले होते. ते गावोगाव नेणारा माणूस नव्हता.

१९६१–१९७० : अधिकारी घडवण्याची शाळा

मत्स्यशिक्षणाचा विचार करायला नेमलेल्या समितीने १९५९ मध्ये शिफारस केली आणि दोन वर्षांत मुंबईत केंद्र सरकारने संस्था उभी केली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची मदत होती. पलीकडे पवईला आयआयटीची कोनशिला १९५९ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते बसली होती. उपनगरांत ताडामाडांच्या आणि भातखाचरांच्या जागी राष्ट्रीय संस्था उगवण्याचा तो काळ. फरक एवढाच की आयआयटीला अभियंते हवे होते आणि वर्सोव्याला हवे होते राज्यांच्या मत्स्यखात्यांत आधीच नोकरीला लागलेले अधिकारी. त्यांना दोन वर्षांची पदव्युत्तर पदविका द्यायची आणि परत धाडायचे, हे संस्थेचे मूळ काम. विद्यार्थी बिऱ्हाडवाले, कधी शिक्षकांहून वयाने मोठे. काश्मीरच्या ट्राउटपासून केरळच्या कोळंबीपर्यंत ज्याने त्याने आपापला मासा डोक्यात घेऊन यायचे आणि वर्सोव्याच्या कोळीवाड्याशेजारी एका बाकावर बसायचे.

पुढे बराकपूर, आग्रा आणि हैदराबाद इथली प्रशिक्षण केंद्रे संस्थेला जोडली गेली. पदविका मुंबईत, तलावावर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचे प्रशिक्षण तिकडे, अशी वाटणी झाली. समुद्रावरच्या शिक्षणासाठी बोटी आल्या. ‘सरस्वती’ या प्रशिक्षण जहाजावर ज्यांनी पहिल्यांदा उलटी केली, असे निवृत्त अधिकारी आज देशभर सापडतील.

या दशकात प्रेरित प्रजनन हा अभ्यासक्रमाचा गाभा होता. ती कृती इथे नोंदवून ठेवणे मला गरजेचे वाटते, कारण आताच्या विद्यार्थ्यांनी ती पुस्तकातच वाचली आहे. ताज्या, पिकलेल्या माशाच्या डोक्याचा वरचा भाग सुरीने तिरका कापून काढायचा. मेंदू दिसला की भोवतालची चरबी कापसाने टिपायची, मज्जातंतू तोडून मेंदू मागून पुढे उचलायचा. त्याच्या खाली, हाडाच्या खळग्यात, पातळ पडद्याखाली मोहरीच्या दाण्याएवढी पांढुरकी ग्रंथी असते. चिमट्याने पडदा फाडून ती अखंड उचलायची. फुटली की अर्धी वाया. लगेच निर्जल अल्कोहोलमध्ये टाकायची आणि गडद रंगाच्या बाटलीत ठेवायची. वापरायच्या दिवशी वजन करून, काचेच्या घोटणीत पाण्याबरोबर वाटायची, अर्क गाळून घ्यायचा.

इंजेक्शन संध्याकाळी. मादीला आधी किलोमागे दोन-तीन मिलिग्रॅम, सहा तासांनी पाच ते आठ. नराला मादीच्या दुसऱ्या मात्रेच्या वेळी एकदाच. मग एक मादी, दोन नर हापात (तळ्यात बांधलेल्या कापडी पेटीत) सोडायचे आणि रात्र जागायची. पहाटेच्या सुमारास पाणी खळबळते. अंडी फुगून पारदर्शक मण्यांसारखी होतात, आणि पंधरा-वीस तासांत त्यांतून जिरे बाहेर पडते. सगळे जुळले तर. पाऊस नाही पडला, पाणी तापले, मादी पुरती पिकलेली नव्हती, तर सकाळी हापा रिकामा.

ही कामे पुस्तक वाचून येत नाहीत. ती ज्यांच्या हाताला होती त्यांत अध्यापक होते, तसेच प्रयोगशाळा सहायक, तलावावरचे मजूर, मासळीबाजारात पहाटे डोकी मिळवायला जाणारे शिपाईही होते. शोधनिबंधांवर त्यांची नावे नाहीत. संस्थेच्या पहिल्या दशकाचे श्रेय वाटायचे झाले तर त्यांचा वाटा काढल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

१९७१–१९८० : डबक्यातून भिंगाखाली

१९७३–७४ पासून मत्स्यशेतकरी विकास यंत्रणा जिल्ह्याजिल्ह्यांत सुरू झाल्या. वर्सोव्याहून शिकून गेलेला अधिकारी आता सरपंचाशी तलावाच्या लिलावावरून वाद घालत होता आणि त्याच्याकडे बीज मागणारे शेतकरी वाढत होते. १ एप्रिल १९७९ पासून संस्था भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या छत्राखाली आली. शिकवण्याच्या जोडीला संशोधन हे संस्थेचे अधिकृत काम झाले. या बदलाच्या वेळी अर्थातच चर्चा झाल्या, मतेही वेगवेगळी होती. ज्या संस्थेत शिकलेली माणसे आहेत तिथे ती असणारच. काम थांबले नाही, एवढे सांगून पुढे जातो.

याच सुमारास भारतीय प्रयोगशाळांत माशांची गुणसूत्रे मोजण्याचे काम जोरात होते. त्यामागची गोष्ट पुन्हा वैद्यकात सुरू होते. माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात असे कैक वर्षे वैद्यकाच्या पुस्तकांत छापले जात होते. ती ४६ असल्याचे १९५६ मध्ये त्यो आणि लेव्हान यांनी दाखवले. नीट मोजता आली त्याला दोन युक्त्या कारणीभूत होत्या. गाउट या संधिवातावर वापरले जाणारे कोल्चिसिन देऊन पेशीविभाजन नेमक्या टप्प्यावर अडवायचे, आणि पेशी सौम्य द्रावणात ठेवून फुगवायच्या म्हणजे गुणसूत्रे एकमेकांपासून सुटी होतात. हीच कृती माशाला लावायची. जिवंत माशाला कोल्चिसिन टोचायचे, दोन-तीन तास थांबायचे, वृक्क किंवा कल्ल्याचा तुकडा काढून पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात सोडायचा, मिथेनॉल आणि ॲसेटिक आम्लात पेशी स्थिर करायच्या आणि काचपट्टीवर उंचावरून थेंब टाकायचा. रंग जिम्सा, म्हणजे मलेरियाचे जंतू पाहायला पॅथॉलॉजिस्ट वापरतो तोच.

थेंब किती उंचीवरून टाकायचा यावर जो तो आपला अनुभव सांगे. कमी उंचीवरून टाकला तर गुणसूत्रे एकमेकांवर, फार वरून टाकला तर पेशी फुटून सगळी पांगलेली.

हाती काय लागले? रोहू, कटला आणि मृगळ या तिघांचीही गुणसूत्रे ५०. सायप्रिनस या कार्पची जवळजवळ दुप्पट, शंभराच्या आसपास. पहिल्या आकड्याने एक व्यावहारिक कोडे सुटले. कटला आणि रोहूचा संकर होतो, इतकेच नव्हे तर त्या संकराची पिल्लेही पुढे पिल्ले देतात; घोडा-गाढवाच्या खेचरासारखी ती वांझ निघत नाहीत. हॅचरीत एकाच हापात दोन जातींचे प्रजनक सोडण्याची घाई करणाऱ्यांना ही सोय वाटली. अभ्यासकांना मात्र ती धोक्याची घंटा होती, कारण संकर नदीत निसटले तर मूळ जात पातळ होत जाणार. हा वाद आजही संपलेला नाही.

१९८१–१९९० : अंडी उबवणे आणि पदवी देणे

संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखले जाणारे यंत्र या दशकातले. संचालक डॉ. एस. एन. द्विवेदी आणि रवींद्रनाथन यांनी विकसित केलेले कार्प हॅचरीचे ‘सीआयएफई डी-८१’ हे प्रतिमान. तळ्यातल्या हापात अंडी उबवताना पाण्याचे तापमान आणि प्राणवायू हे दोन्ही देवावर सोडलेले असत. हॅचरीत पाणी फिरते ठेवून, हवा देऊन, तापमान आटोक्यात आणून अंडी उबवायची. उत्तरेच्या उन्हाळ्यात पाणी तापते तिथे याचे मोल कळले. पुढे चिनी पद्धतीच्या गोल हॅचऱ्या स्वस्त आणि सोप्या पडल्या म्हणून त्या जास्त पसरल्या, हे मान्य करायला हरकत नाही. पण ‘पावसाच्या मर्जीविना मत्स्यबीज’ ही कल्पना अधिकाऱ्यांच्या डोक्यात रुजवण्याचे काम वर्गातून आणि या प्रात्यक्षिकांतून झाले.

इंजेक्शनही बदलले. कॅनडातले रिचर्ड पीटर आणि चीनमधले लिन हाओरान यांच्या नावांवरून ‘लिन्पे’ म्हणून ओळखली गेलेली पद्धत या दशकाच्या शेवटी आपल्याकडे पोहोचली. माशाच्या मेंदूत डोपामीन हे द्रव्य प्रजननाच्या संप्रेरकाला लगाम घालते. तो लगाम काढायला डॉम्पेरिडोन, म्हणजे उलटी थांबवायला डॉक्टर लिहून देतात तेच औषध, आणि सोबत सामन माशाच्या संप्रेरकाची कृत्रिम नक्कल. तयार बाटली, एकच मात्रा, किलोमागे अर्ध्या मिलिलिटरच्या आत-बाहेर. ना डोकी कापायची, ना ग्रंथी वाटायची, ना मध्यरात्री दुसरे इंजेक्शन. जुन्या मंडळींना ग्रंथीच्या कारागिरीचा अभिमान होता. तरी बाटली आल्यावर सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असावा, असा माझा अंदाज.

देशात माशांच्या जनुकीय साधनसंपत्तीसाठी स्वतंत्र राष्ट्रीय ब्युरो १९८३ मध्ये स्थापन झाला. तो पुढे लखनौला स्थिरावला. महाराष्ट्रात रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ मध्ये मत्स्य महाविद्यालय सुरू झाले होते. मत्स्यशास्त्र शिकवणारे शिक्षक कुठून आणायचे, हा प्रश्न देशभर उभा राहिला आणि त्याचे उत्तर म्हणून २९ मार्च १९८९ रोजी संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अधिकाऱ्यांची शाळा आता शिक्षकांची शाळा झाली. ‘फिशरीज युनिव्हर्सिटी’ हे रिक्षावाल्यांचे नाव खरे ठरले.

१९९१–२००० : घरच्या घरी लग्ने

हॅचऱ्या वाढल्या आणि नवी तक्रार सुरू झाली. शेतकरी म्हणू लागले, बीज मिळते पण मासा पूर्वीसारखा वाढत नाही. कर्नाटकातल्या हॅचऱ्यांवर एकनाथ आणि डॉईल यांनी केलेला अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला आणि कारण पुढे आले. हॅचरीवाला बाजारात विकायला मोठे मासे काढतो आणि उरलेले प्रजनक म्हणून ठेवतो. शिवाय एका मादीची अंडी लाखांच्या घरात, म्हणून थोड्याच जोड्यांवर वर्षाची गरज भागते. पुढच्या वर्षी त्यांचीच पिल्ले एकमेकांशी. पिढी दोन पिढ्यांत सगळी भावंडे. सगोत्र विवाहाला नाही म्हणणाऱ्या समाजाने माशांच्या बाबतीत मात्र हा विचार केलाच नव्हता.

यावर उपाय दोन. प्रजनक बदलत राहणे, आणि निवड शास्त्रशुद्ध करणे. दुसरे काम भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने नॉर्वेच्या सहकार्याने १९९२ मध्ये हाती घेतले. गंगा, यमुना, गोमती, सतलज, ब्रह्मपुत्रा अशा नद्यांतून रोहू आणून, प्रत्येक माशाच्या अंगात बारा मिलिमीटरची खूणचिप घालून, कुणाचा कोण हे वहीत मांडत पिढ्या चालवल्या. वाढीचा वेग प्रत्येक पिढीला सरासरी १७ टक्क्यांनी सुधारला. १९९७ मध्ये, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, हा रोहू बाहेर आला म्हणून त्याचे नाव ‘जयंती’. ते काम वर्सोव्याचे नव्हते, पण हे शास्त्र वर्गात शिकवणे आणि त्यासाठी माणसे तयार करणे हे वर्सोव्याचे काम होते. मत्स्य-आनुवंशिकी व जैवतंत्रज्ञान हा स्वतंत्र विषय पदव्युत्तर पातळीवर शिकवला जाऊ लागला. आनुवंशिकी म्हणजे वही, हे इथल्या विद्यार्थ्यांना पहिल्या सत्रात सांगितले जाते. कोणता मासा कुणाचा, हे ज्याला माहीत नाही त्याला पुढच्या यंत्रांचा उपयोग नाही.

याच दशकात, १९९४–९५ मध्ये, कोळंबीच्या तळ्यांवर पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू आला आणि पूर्व किनाऱ्यावर हाहाकार झाला. हा रोग उपचाराने बरा होत नाही. बीजात विषाणू आहे का, हे तळ्यात सोडण्याआधी कळणे हाच बचाव. त्यासाठी पीसीआर लागला. साथीच्या २०२० सालात ‘आरटी-पीसीआर’ हा शब्द घराघरांत गेला, पण कोळंबी पिकवणाऱ्या शेतकऱ्याने त्यातला ‘पीसीआर’ कित्येक वर्षे आधी ऐकलेला होता.

२००१–२०१० : यारी रोडची नवी वास्तू

पंच मार्गावर, यारी रोडलगत, नवे आवार विस्तारत गेले. सात बंगल्याचे जुने आवार आणि हे नवे, अशा दोन ठिकाणी कामाची वाटणी झाली. नव्या प्रयोगशाळा, वसतिगृहे, ग्रंथालय. शतकाच्या सुरुवातीला संस्थेचे नेतृत्व करणारे डॉ. एस. अय्यप्पन पुढे २०१० मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे महासंचालक झाले. पिकांच्या बाहेरच्या शास्त्रातून त्या खुर्चीवर गेलेले ते पहिले. मत्स्यशास्त्राला कृषी विद्यापीठांत पाटावर बसवले गेले ते हळूहळू, आणि त्यात वर्सोव्याचा हात मोठा.

२०११–२०२१ : डीएनएची पट्टी आणि हरियाणाचे खारे पाणी

या दशकाच्या पूर्वार्धात संचालक असलेले डॉ. डब्ल्यू. एस. लाक्रा हे स्वतः माशांच्या गुणसूत्रांचे अभ्यासक. लखनौच्या ब्युरोतून आलेले. माशाच्या पेशीतल्या एका ठराविक जनुकाचा साडेसहाशेच्या आसपास अक्षरांचा तुकडा वाचून जात ओळखायची, या तंत्राला डीएनए बारकोड म्हणतात. बाजारात डोके आणि कातडी काढलेला ‘सुरमईचा’ तुकडा खरोखर सुरमईचा आहे का, हे त्यातून कळते. हे वाचून आमच्या घरच्यांनी ‘मग घेऊन जा एकदा’ असे म्हटले, ते सोडा.

दुसरे काम दिसायला आनुवंशिकीच्या बाहेरचे आहे, पण मला ते सोडवत नाही. हरियाणात रोहतकजवळ लाहली येथे संस्थेचे केंद्र आहे. तिथल्या जमिनीखालचे पाणी खारे. त्यामुळे शेते पडीक. खारे पाणी आहे तर कोळंबी का नको, असा विचार झाला. पण कोळंबी टिकेना. कारण मिठाच्या प्रमाणात नव्हते, घडणीत होते. समुद्राच्या पाण्याच्या मानाने त्या पाण्यात पोटॅशियम फार कमी. डॉक्टर रुग्णाचे सोडियम-पोटॅशियम तपासून सलाइन ठरवतात, तसेच तळ्याचे केले. खताच्या दुकानात मिळणारे म्युरेट ऑफ पोटॅश मोजून टाकले आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, जाटांच्या शेतात व्हेनामी कोळंबी पिकली.

वैद्यकाची परतफेड होते आहे ती झेब्राफिशच्या रूपाने. गंगेच्या खोऱ्यातला हा पट्ट्यापट्ट्यांचा मासा १८२२ मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टनने नोंदवला तेव्हा त्याला कुणी विचारत नव्हते. २०१३ मध्ये त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला आणि माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना त्यात जोडीदार सापडतो हे दिसले. अंडे पारदर्शक, हृदय दिसायला लागायला एक दिवस पुरतो. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेसह देशातल्या अनेक प्रयोगशाळांत आता त्याच्यावर त्वचा, हृदय, मेंदूचे रोग अभ्यासले जातात. त्या प्रयोगशाळांना मासे पाळणारे, त्यांना खाणे, आजार, प्रजनन यांची माहिती असणारे हात लागतात आणि ते शिक्षण मत्स्यशास्त्राच्या वर्गात मिळते.

आजची संस्था

सध्या मुंबईत मत्स्यसंवर्धन, मत्स्य-आनुवंशिकी व जैवतंत्रज्ञान, जलीय पर्यावरण व आरोग्य, मत्स्यपोषण, मासेमारी व काढणीपश्चात तंत्र, अर्थशास्त्र-विस्तार अशा शाखांत पदव्युत्तर आणि आचार्य पदवीचे शिक्षण चालते. रोहतकखेरीज काकीनाडा, कोलकाता आणि मध्य प्रदेशातले पवारखेडा इथे केंद्रे आहेत. शिरगाव, नागपूर, उदगीरच्या मत्स्य महाविद्यालयांतून पदवी घेतलेली मराठी मुले अखिल भारतीय परीक्षा देऊन इथे येतात, आणि इथून शिकून गेलेले कित्येक जण त्याच महाविद्यालयांत शिकवत आहेत. १९५०–५१ मध्ये देशाचे मत्स्योत्पादन साडेसात लाख टन होते. २०१९–२० मध्ये ते १४१ लाख टनांवर गेले आणि त्यातले शंभर लाखांहून अधिक गोड्या व मचूळ पाण्यातले. संस्था सुरू झाली तेव्हा समुद्राचा वाटा मोठा होता, आता तळ्याचा आहे. त्यामागे बीज आहे.

आनुवंशिकीच्या विभागापुढचे काम बरेचसे ठरलेले आहे. रोहूचा जनुकसंच २०२० मध्ये भारतीय संशोधकांनी प्रसिद्ध केला. आता कोणत्या माशाची पिल्ले रोगाला तोंड देतील हे पिल्ले मोठी होण्याआधी, पराच्या एका तुकड्यावरून सांगता यावे, असा प्रयत्न जगभर चालू आहे. सामन माशाच्या बाबतीत नॉर्वेत ते व्यवहारात आले. आपल्याकडे अडचण यंत्रांची कमी आणि वहीची जास्त आहे. नांदेडच्या किंवा भंडाऱ्याच्या हॅचरीवाल्याला आपले प्रजनक कुठून आले हे सांगता येत नाही. त्याला ते सांगता यावे, निदान दर दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या हॅचरीशी त्याने प्रजनकांची अदलाबदल करावी, यासाठी छोटी प्रशिक्षणे घेणे हे संस्थेचे सर्वांत जुने काम, १९६१ साली ज्यासाठी ती निघाली तेच. पवई तलावात आज कार्पांइतकीच चिलापी दिसते आणि जलपर्णी तर त्याहून जास्त. गळ टाकणाऱ्यांना तिथे एके काळी मिळत तसे मासे पुन्हा हवे असतील, तर त्यांनाही कुणाचे बीज सोडायचे हे विचारायला वर्सोव्यालाच यावे लागेल. पवईहून बस बदलून तासा-दीड तासात पोहोचता येते.